राक्षस नसलेली गोष्ट

खानापूर, जि. बेळगाव

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र पोचलं. माझी गिधाडांची गोष्ट आवडली, पण तिच्यात एखादा राक्षस हवा होता, राग कुणावर धरायचा ते मुलांना कळायला हवं, असं तू लिहिलंस. नेमकं तेच मला पटत नाही. आता शेवटही बदललाय, म्हणून सगळीच पुन्हा लिहितो.

डोंगराखालच्या गावात मरण पाहुण्यासारखं यायचं. म्हैस मेली की लोक तिला माळावर ओढून न्यायचे. गिधाडं उतरायची, जेवायची आणि मरणाला पंखावर घेऊन कड्याकडं जायची. मागं फक्त हाडं उरायची. एका वर्षी एका म्हातारीची गाय पायानं अधू झाली. रात्रभर हंबरायची. म्हातारीला बघवेना. तिनं तालुक्याहून औषध आणून गाईला टोचून घेतलं. गाय निवांत झोपली आणि दोन दिवसांनी निवांतच गेली. गिधाडं जेवली, उडाली, पण कड्यावर पोचल्यावर एकेकानं मान टाकली. पुढच्या खेपेला माळावर कुणीच उतरलं नाही. मरणानं अंधार पडेपर्यंत वाट बघितली, मग उठून गावात परत आलं. "मला न्यायला कुणी आलं नाही, आता मी कुठं जाऊ?" म्हातारीनंच त्याला ओसरीवर घोंगडं टाकून दिलं. आधी ते कुत्र्यांबरोबर हिंडलं. मग विहिरीत वाकून बघायला लागलं. पुढं घरोघरी त्याचं ताट मांडायची रीतच पडली. पोरं विचारतात, हे कोण? आया सांगतात, आपल्या घरातलंच, आजोबांच्याही आधीपासूनचं.

आता सांग, यात राक्षस कुठं बसवू? म्हातारीला राक्षसीण करू? गाईचं दुखणं तिच्यानं बघवलं नाही, एवढंच तिचं. आणि खरंही असंच घडलंय. ते औषध म्हणजे डायक्लोफेनॅक. जनावराला त्यानं आराम पडतो, पण तेच जनावर मेल्यावर गिधाडानं खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात पंधरा वर्षांत शंभरातली नव्याण्णवपेक्षा जास्त गेली. मादी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू मोठं होऊन जोडी जमवायला चार-पाच वर्षं लागतात. भर पडणार कशी? आणि माळावर पडलेलं मांस कुत्र्यांनी खाल्लं, कुत्री वाढली, पिसाळलेल्या कुत्र्यांचं भय वाढलं.

पण राग धरायचाच असेल तर एक जागा आहे, तीही सांगतो. गिधाडं कशानं मरतात ते २००४ साली कळलं. २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या औषधाच्या ३० मिलीच्या मोठ्या कुप्या दुकानात मिळत राहिल्या आणि त्या गोठ्यांतच जात राहिल्या. एवढी मोठी कुपी माणसाला लागते कशाला? ती ३ मिलीवर यायला २०१५ उजाडलं. म्हातारीला ठाऊक नव्हतं, या नऊ वर्षांत मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. गोष्टीत हे मला अजून घालता आलेलं नाही. तुला सुचलं तर कळव.

दुसरी गोष्टही डोक्यात घोळतेय, आपल्या भीमगडातल्या वटवाघळाची. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतलं ते वटवाघूळ १९१३ साली शास्त्रज्ञांनी नोंदवलं, आणि कित्येक वर्षं जगात ते फक्त इथंच सापडतं असं मानत होते. भीमगडचं अभयारण्य व्हायला २०११ उजाडलं. ते वटवाघूळ अजून आहे रे, म्हणून त्याची गोष्ट काळी करायला हात धजत नाही.

गिधाडाची गोष्ट दिवाळी अंकाला द्यायची तर खुशाल दे, फक्त राक्षस घालू नकोस. आणि तुझे मेहुणे जनावरांच्या औषधांचं दुकान चालवतात ना? त्यांना माझा निरोप दे, दुखण्यावर मेलॉक्सिकॅमच द्या म्हणावं, त्यानं गिधाडाला काही होत नाही. जनावरांसाठीच्या केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या औषधांवरही २०२३ साली बंदी आलीय. जुना साठा फळीवर असेल तर काढून टाकायला सांग.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बाळू