हिरव्या खुणेवर विसंबू नका

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबा 'हो हो' म्हणतात आणि विषय बदलतात, म्हणून लिहून पाठवतेय. ग्वाल्हेरला आपल्या लश्कर भागात धुकं दाटलंय म्हणे, आणि बाबांची सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा तो जुनाट आजार, याच दिवसांत उचल खाते.

बाबा, स्टेथोस्कोप लावून ॲपवर केलेलं तुमच्या श्वासाचं रेकॉर्डिंग ऐकलं. श्वास सोडताना शेवटी बारीक शिट्टी वाजते. अरुंद झालेल्या श्वासनलिकेच्या भिंती थरथरतात, त्यातून हा सूर निघतो. आवाजाचं चित्र काढलं की ती सलग आडवी रेघ दिसते. फुफ्फुसातली करकर निराळी. तिचा एकेक आवाज २० मिलिसेकंदांपेक्षाही कमी टिकतो, चित्रात उभी टाचणी टोचल्यासारखी. लोकरीचा स्वेटर घासला तरी तशीच टाचणी उमटते. तेव्हा आई, थंडी असली तरी तेवढ्यापुरता त्यांचा स्वेटर आणि बनियन वर कर आणि स्टेथोस्कोप थेट पाठीवर टेकव. आणि कुकर लावायच्या आधी हे उरकून घे. कालच्या रेकॉर्डिंगमध्ये तुझ्या डाळीची शिट्टीसुद्धा आलीय.

ॲपने 'सगळं ठीक'ची हिरवी खूण दाखवली म्हणून बाबा खूश झाले. मी नाही झाले. अशा ॲप्सना शिकवायला छातीच्या आवाजांचा जो संग्रह सर्रास वापरतात, तो २०१७ साली खुला झाला: १२६ जणांची ९२० रेकॉर्डिंग्ज, पोर्तुगाल आणि ग्रीसमध्ये केलेली. ग्वाल्हेरच्या जानेवारीत खोकणारी छाती त्यात कुठून असणार? मोलाची आहे ती तुमची स्वतःची नोंद. बरं वाटत असताना तुमची छाती कशी वाजते ते आपल्याकडे असलं, की बिघाड त्याच्याशी ताडून पाहता येईल. म्हणून रोज सकाळी, इनहेलर घ्यायच्या आधी, पाठीवर त्याच जागी. सुरुवातीला आईने पेनाने खूण करून ठेवली तरी चालेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. धाप वाढलीय आणि शिट्टी मात्र थांबलीय, असं झालं तर ते बरं होणं नव्हे. हवाच इतकी कमी आत-बाहेर होते की आवाज निघत नाही. तेव्हा रेकॉर्डिंग करत बसू नका, मला फोनही नको. शेजारच्या काकांना हाक मारा आणि तडक दवाखाना गाठा. बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसले, तरी तेच.

कफ वाढला किंवा पिवळा-हिरवा झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, ॲप काहीही म्हणो. फुंकर मारायची तपासणी, ती स्पायरोमेट्री, या रेकॉर्डिंगमुळे टळत नाही. फुफ्फुसं किती हवा किती वेगाने बाहेर टाकतात ते तिथेच मोजलं जातं.

आणि बाबा, रात्री दार लावून कोळशाची शेगडी पेटवणं बंद करा. धूर तुमच्या छातीला, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड तुम्हां दोघांनाही घातक आहे. मी तेलाचा हीटर मागवलाय, गुरुवारपर्यंत येईल. तोवर जास्तीची रजई माळ्यावरच्या पेटीत आहे, आई, ती काढ.

तुमची,
मनू