मीठ दे म्हणावं काकांना

मेरान, १४ सप्टेंबर

प्रिय सद्या,

दीड वर्षात ना पत्र ना फोन. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, गुडघा कुरकुरतो, मीनल-चिनू मजेत. ते खातं बंद.

लिहायला बसलो कारण परवा जे झालं ते मीनललाही धड सांगता येईना. तुला कळेल. तुमच्या घरात हे होऊन गेलंय, आणि तेव्हा मी फुकटचा शहाणपणा केला होता.

मे महिन्यात इटलीच्या नागरिकत्वाचा हुकूम हातात पडला. सहा महिन्यांच्या आत नगरपालिकेत जाऊन शपथ घ्यायची, नाही घेतली तर हुकूम रद्दीत. घेतली की आपला पासपोर्ट जमा. कलमं तुला काय सांगू, वकीलसाहेब. चार महिने तो कागद फ्रिजवर चिकटवलेला आहे, दूधवाल्याच्या बिलासारखा.

परवा भाडं द्यायला खालच्या आजींकडे गेलो. वय एक्क्याण्णव, साल न तुटता सफरचंद सोलतात. बोलता बोलता शपथेचं निघालं. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "मुलीचंही तूच लिहिणार?"

हो. चिनू नऊ वर्षांची, माझ्याबरोबर तिचं आपोआप होतं.

"मी पाच वर्षांची होते," म्हणाल्या. "माझं बाबांनी लिहिलं. आईचंही."

१९३९ ची गोष्ट. आमचं मेरान ज्यात येतं तो हा दक्षिण टायरॉल पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा, लोक जर्मन बोलणारे, १९१९ च्या सेंट जर्मेनच्या तहाने इटलीकडे आला. तो तह मी काल रात्री वाचून काढला (हस न, हॉस्टेलात तुझी पुस्तकं उशीला घेणारा मीच). त्यात नागरिकत्व निवडायला वर्षभर, निघून जायला आणखी वर्ष, आणि गेलात तरी घर-शेत तुमचंच. पुढे मुसोलिनीने जर्मन शाळा बंद केल्या, गावांची नावं बदलली. तळघरांतून चोरून वर्ग चालायचे. अशा लोकांपुढे हिटलर आणि मुसोलिनीने मिळून कागद ठेवला: नारिंगी भरलात तर जर्मन होऊन निघा, पांढरा भरलात तर इटालियन म्हणून राहा. मुदत ३१ डिसेंबर १९३९. नवऱ्याच्या सहीत बायको आणि लहान मुलं धरलेली.

राहणाऱ्यांना सिसिलीत नेऊन टाकणार, अशी आवई उठली. जाणाऱ्यांना सगळ्यांना मिळून एकच मुलूख देणार होते. कधी बर्गंडी म्हणत, कधी क्रिमिया. दुसऱ्याची जमीन वाटायला काय लागतं! इथल्याच ब्रिक्सन गावच्या बिशपांनी स्वतः पुढे जर्मनी निवडली, खालचे पाद्री मात्र बहुतेक राहिले. ज्यांना निवड होती त्यांतल्या पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास लोकांनी जर्मनी लिहून दिली. प्रत्यक्षात गेले पंचाहत्तर हजारांच्या घरात. मग युद्धाने गाडं अडलं.

आजींच्या बाबांनी नारिंगी भरला, काकांनी पांढरा. काकांच्या दारावर रात्री कुणीतरी शेण फासून गेलं. कुणी, ते अख्ख्या गावाला माहीत होतं. १९४० मध्ये आजींचं घर ऑस्ट्रियातल्या (तेव्हा जर्मनीतल्या) इन्सब्रुकला, अशा लोकांसाठी बांधलेल्या चाळवजा वसाहतीत. युद्धानंतर इटलीने १९४८ मध्ये कायदा करून नागरिकत्व परत घ्यायची सोय दिली, तेव्हा हे परतले. शेत विकून गेलेलं, म्हणून काकांच्या गोठ्यावरच्या खोलीत. दोघं भाऊ एकाच टेबलावर जेवायचे आणि एक अक्षर बोलायचे नाहीत. बाबा म्हणायचे, "मीठ दे म्हणावं काकांना." काका हातभर अंतरावर. मीठ आजीच पुढे करायच्या. अकरा वर्षं.

मी विचारलं, चूक कोणाची? तर म्हणाल्या, "सफरचंद घे."

सद्या, माझी गोष्ट त्या रांगेत बसवायची म्हणजे निर्लज्जपणा आहे, कळतं मला. माझ्या दारावर कुणी शेण फासत नाही, उलट शेजारीण केक करणार आहे म्हणे. पण रात्रभर माझ्या डोळ्यांपुढे तुझा दादा होता. त्याने पोर्तुगीज पासपोर्टसाठी लिस्बनला वडिलांचा जन्म नोंदवला, मग स्वतःचा, आणि इंग्लंडात स्विंडनला निघाला, तेव्हा तुमच्या डिचोलीच्या पडवीत बसून मी म्हणालो होतो, पासपोर्टसाठी माणूस आजोबासुद्धा विकतो. वर मासळीची आमटी दोनदा मागून घेतली. दादा काही बोलला नाही. तूच उठून आत गेलास आणि वर्षभर माझे नव्वद रुपये दिले नाहीस. (अजून दिलेले नाहीस.)

तूच मला गोव्याचा १९६२ चा तो नागरिकत्वाचा आदेश सांगितला होतास ना? पोर्तुगीज राहायचं असेल तर महिन्याच्या आत लेखी कळवा, नाहीतर भारतीय. तुझ्या आजोबांनी काहीच कळवलं नाही. "आमच्याकडे कोणी देश निवडला नाही, आजोबांनी पत्र टाकायचा कंटाळा केला," असं म्हणून तू हसायचास. इथेही १९३९ मध्ये ज्यांनी कुठलाच कागद भरला नाही ते इटालियनच धरले गेले. मीही नोव्हेंबरपर्यंत गप्प बसलो तर भारतीयच. गप्प बसण्यात माझा हात कोण धरणार, ते तुला माहीतच आहे.

माझं एकट्याचं असतं तर नाणं उडवून मोकळा झालो असतो. चिनूचं अडतं. तिला विचारलं तर म्हणाली, दोन्ही घेऊया. दोन्ही मिळत नाही म्हटल्यावर तिने विचारलं, हा नियम कोणी केला? म्हटलं, सद्याकाका वकील आहे, त्याला विचार. मीनल म्हणते तू ठरव, म्हणजे तिचं ठरलेलं आहे.

बाकी तुझं काय? ओवीचं बारावीचं कळलं, शाब्बास म्हणून सांग. काकूंचं मोतीबिंदूचं झालं का? ऑफिस फोंड्याला हलवलंस म्हणे, चांगलं केलंस.

आणि दादाचा स्विंडनचा नंबर पाठव. आधी त्याला विचारून मग पाठव, नको म्हणाला तर तसं कळव.

तुझा,
विन्या