कूलर बंद करणाऱ्या दादांना

नमस्कार दादा,

हेडफोन घेतला, पैसे दिले, व्यवहार संपला असं तुम्हाला वाटत असेल. माझ्याकडून तो संपलेला नाही. काल काम आटोपून हेडफोन काढला, सवयीनं कानामागं हात गेला आणि तिथं काहीच दुखत नव्हतं. तेव्हाच ठरवलं, दारव्ह्याच्या बाजारातल्या दादांचे आभार चारचौघांत मानायचे.

माझं काम ऐकण्याचं. लोकांच्या बोलण्याची रेकॉर्डिंग येतात, ती ऐकून शब्द न् शब्द टाइप करायचा. दिवसाचे आठ तास, गावातच, घरी बसून. या कामामुळं मला घर सोडून पुण्याला जावं लागलं नाही, म्हणून ते जिवापाड सांभाळायचं आहे. पण कानावर टेकणारा हेडफोन कान चष्म्याच्या काडीवर दाबतो आणि कानातल्याची फिरकी मागून रुतते. दुपारपर्यंत कानशिलं ठणकायची, संध्याकाळी जेवताना जबडा दुखायचा. कानात खुपसायचे घेतले, तर घामानं आतून खाज सुटली.

शहरातल्या मोठ्या दुकानात गेले होते. "मॅडम, बास ऐका!" म्हणाले. मला बास काय करायचा? मला एखाद्या म्हाताऱ्या आजीचं पुटपुटणं ऐकू यायला हवं होतं. चष्म्याची अडचण सांगितली तर म्हणे, चष्मा काढून घाला, नीट बसेल. तो रुतणारा हेडफोन ज्यांच्याकडून मागवला होता त्यांना फोन केला, तर वस्तूत दोष नाही म्हणून परत घेणार नाही, आणि वर "सवय होऊन जाईल". दुखण्याची सवय करून घ्या असं दुसऱ्याला इतक्या सहज कसं सांगता येतं, हे मला आजही कळत नाही.

तुम्ही पहिलंच वाक्य बोललात, "ताई, चष्मा काढू नका. कामाले चष्मा घालूनच बसता न? मंग तसंच पाहा." आणि स्टूल पुढं सरकवलं. मग विचारलंत, लाईन गेली की काम थांबते काय? मी म्हटलं, नाही, लॅपटॉपची बॅटरी असते तोवर करावंच लागतं. त्यावर काही न बोलता तुम्ही उठलात आणि दुकानातला कूलर बंद केला.

मे महिन्याची दुपार. पारा ४४ च्या वर आणि डोक्यावर टिनाचं छप्पर. तुमचा सदरा पाठीला चिकटला होता. गिऱ्हाईक येत होते, कूलर काहून बंद म्हणून विचारत होते, आणि तुम्ही हातातल्या मोबाइलचे स्क्रू काढत नुसतं म्हणत होता, "थांबा जरासे, ताईचं पाहणं सुरू आहे." रेक्झिनच्या गादीचा हेडफोन पाच मिनिटांत घामानं चिकटला. कापडी गादीचा, अख्खा कान आत मावेल असा, चांगला अर्धा तास डोक्यावर होता आणि मी तो विसरले. हीच त्याची परीक्षा होती, आणि ती तुमच्याशिवाय कोणी घेतली नाही.

महागाचा बिनवायरचा समोरच टांगलेला होता. तुम्ही म्हणालात, "दिवसभर बसूनच काम आहे, त बॅटरीचं वजन डोक्यावर काहून वागवता?" आणि हलका, वायरवाला हातात दिलात. घरी रात्रभर जाड पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवायला सांगितलंत. तसं केलं, पट्टीचा ताण उतरला. आवाज कमी ठेवायचंही बजावलंत. नंतर मी वाचलं, जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते. तेवढे तास तर माझे नुसत्या कामात जातात. आता कूलरचा आवाज वरचढ झाला तर मी हेडफोनचा वाढवत नाही, कूलर लांब सरकवते.

दादा, आपल्याकडं चांगुलपणा म्हटला की मोठे दान, मोठी नावं आठवतात. पण समोरच्याचा दिवस कसा जातो, तो कुठं बसतो, त्याला काय रुततं, एवढं विचारणारा माणूस फार थोड्यांच्या वाट्याला येतो. कापसाच्या भावापासून मुलांच्या फीपर्यंत सगळीकडं आपलं ऐकून न घेताच उत्तर मिळायची आपल्याला सवय लागली आहे. तुम्ही आधी ऐकलंत. स्वस्तातली वस्तू विकून स्वतःचा नफाही कमी केलात, आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत.

माझ्यासोबत काम करणारी दिग्रसची मुलगी पुढल्या आठवड्यात तुमच्याकडं येईल. तिला चष्मा नाही, पण झुमके मोठे आहेत आणि ते ती काढत नाही. तिलाही स्टूल द्या. आणि या गाद्यांचा एक जोड माझ्यासाठी मागवून ठेवा, पैसे तिच्याकडे देते आहे.

तुमची,
चष्मेवाली ताई