मंजुरीचे पत्र म्हणजे व्हिसा नव्हे

मा. संपादक,
महोदय,

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या भावाने किंवा बहिणीने इकडच्या भावंडासाठी स्थलांतराचा अर्ज केला आहे, अशी कितीतरी कुटुंबे पार्ले, दादर, मुलुंड, ठाणे या भागांत आहेत. त्यांच्या कपाटात अर्ज मंजूर झाल्याचे पत्र जपून ठेवलेले असते आणि आता केवळ बोलावणे यायचे राहिले आहे, अशी घरातल्या सर्वांची समजूत असते. मी वकील नाही. निवृत्त शिक्षिका म्हणून ओळखीच्या कुटुंबांना हे कागद वाचून समजावून देत असते, आणि या समजुतीपायी होणारे नुकसान पाहवत नाही म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मंजुरीच्या पत्राचा अर्थ इतकाच, की हे नाते खरे असल्याचे तेथील सरकारने मान्य केले. अमेरिकी नागरिकाचे पती वा पत्नी, २१ वर्षांखालील अविवाहित मुले आणि आईवडील यांच्या व्हिसांवर वार्षिक मर्यादा नाही. भावंडांच्या व्हिसांवर मात्र आहे. जगभरातील भावंडे, त्यांचे जोडीदार आणि मुले या सर्वांना मिळून वर्षाला साधारण ६५,००० व्हिसा उपलब्ध असतात, आणि मर्यादा असलेल्या व्हिसांपैकी सात टक्क्यांहून अधिक वाटा सहसा कोणत्याही एका देशाला मिळत नाही. म्हणून भारतीयांची रांग इतकी लांबली आहे, की २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला हे सांगणाऱ्या अमेरिकी सरकारच्या मासिक पत्रकात, या वर्गाची तारीख अजून २००६ मध्येच होती. रांगेतले स्थान ठरते ते अर्ज दाखल झाल्याच्या तारखेवरून, म्हणजे ‘प्रायॉरिटी डेट’वरून, मंजुरी कधी मिळाली यावरून नव्हे.

सर्वांत अधिक हानी होते ती मुलांची. इतक्या वर्षांत ती २१ वर्षांची होऊन जातात आणि एरवी आईवडिलांच्या अर्जातून वगळली जातात. त्यांच्यासाठी २००२ साली तेथे कायदा झाला, पण त्यातील हिशेब फार थोड्यांना ठाऊक असतो. व्हिसा उपलब्ध होईल त्या दिवशी मुलाचे जे वय असेल, त्यातून अर्ज तपासणीत जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस वजा करायचे आणि उरलेले वय २१ च्या आत आहे का ते पाहायचे. समजा, अर्ज दाखल झाला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती आणि रांगेत नंबर लागला तेव्हा ती तेवीस वर्षांची झाली. अर्ज मंजूर व्हायला तीन वर्षे लागली असतील, तर कायद्याच्या हिशेबाने ती वीस वर्षांची धरली जाईल आणि आईवडिलांबरोबर जाऊ शकेल. तोच अर्ज वर्षभरात मंजूर झाला असेल, तर ती बावीस वर्षांची ठरून मागे राहील. शिवाय तिने व्हिसा उपलब्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत व्हिसासाठी अर्ज करण्याचे पुढचे पाऊल उचलले पाहिजे आणि ती अविवाहित असली पाहिजे. मुलीचे लग्न लांबवावे, असे मी मुळीच सुचवत नाही. पण लग्न ठरवताना घरातल्यांना, आणि सर्वांत आधी त्या मुलीला, हा नियम माहीत असायला हवा.

आपल्या शहरात आणखी एक अडचण आहे. ज्या चाळीचा पत्ता अर्जावर दिला होता, ती पाडून तेथे टॉवर उभा राहिलेला असतो आणि कुटुंब पुनर्विकासाच्या काळात दोन-तीन भाड्याच्या घरांतून फिरलेले असते. ईमेलही बदललेला असतो. नंबर लागल्याची सूचना पाठवल्यानंतर वर्षभर प्रतिसाद मिळाला नाही, तर नोंदणी रद्द होऊ शकते. म्हणून पत्ता बदलताच नॅशनल व्हिसा सेंटरला, म्हणजे मंजूर अर्जांचे पुढचे काम पाहणाऱ्या अमेरिकी सरकारच्या कार्यालयाला, कळवणे अत्यावश्यक आहे.

या प्रतीक्षेच्या वर्षांत कागदपत्रेही नीट करून घेता येतात. जन्मनोंदीत बाळाचे नाव नसणे, माहेरचे आणि सासरचे नाव वेगवेगळ्या कागदांवर असणे, जुने लग्न नोंदवलेलेच नसणे हे आपल्याकडे सर्रास आढळते. महापालिकेच्या विभाग कार्यालयातील आणि राजपत्रातील ही कामे मुलाखतीची तारीख आल्यावर धावपळीत होत नाहीत. जे काही वर्षे आखाती देशांत नोकरीला होते, त्यांना तेथील पोलिसांचा दाखलाही लागू शकतो.

आता एजंटांविषयी. पर्यटक व्हिसाच्या अर्जात, तुमच्यासाठी कोणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का, असा थेट प्रश्न असतो. तेथे ‘नाही’ लिहा, असा सल्ला देणारे लोक या शहरात पैसे घेऊन बसले आहेत. हा सल्ला कोणीही मानू नये. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले, तर अमेरिकेत प्रवेशाला कायमची बंदी येऊ शकते आणि वीस वर्षांची प्रतीक्षा वाया जाते. सर्व अर्ज सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, शुल्क तेथेच जाहीर केलेले असते, आणि रांगेत पुढे सरकवण्याचा अधिकार कोणत्याही एजंटाला नाही. किचकट प्रकरणात, विशेषतः अर्ज करणाऱ्या भावंडाचे निधन झाले असेल तर, तेथील परवानाधारक वकिलाचाच सल्ला घ्यावा.

हे सारे इंग्रजीत उपलब्ध आहे, पण ज्यांच्या आयुष्याचा निर्णय त्यावर ठरतो त्या साठीच्या घरातल्या मराठी वाचकांपर्यंत ते पोहोचत नाही. ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि वाचनालयांनी जाणकार वकिलांना बोलावून याविषयी मराठीतून मार्गदर्शन ठेवावे. आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे, की व्हिसा बुलेटिन दर महिन्याला येते तेव्हा त्यातील भारतीयांसाठीच्या कौटुंबिक वर्गांच्या तारखा एका छोट्या चौकटीत छापाव्यात, आणि मुलांच्या वयाचा हिशेब वर्षातून एकदा तरी उदाहरणासह द्यावा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
मुलुंड (पूर्व), मुंबई