परदेशी बदलीचा अपुरा हिशेब

संपादक महोदय,

पुण्यातील कंपन्या जर्मनीत वा अमेरिकेत शाखा उघडून येथील अभियंत्यांना तिकडे धाडतात, तेव्हा बोलणे पगार आणि व्हिसापुरतेच राहते. जर्मनीशी भारताचा सर्वंकष सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू असल्याने, येथील वर्गणी चालू असल्याचे भविष्य निर्वाह निधी संघटनेचे प्रमाणपत्र सोबत नेणाऱ्याला ठरावीक मुदतीपर्यंत निवृत्तिवेतनाची वर्गणी दोन्हीकडे भरावी लागत नाही. अमेरिकेशी मात्र असा करार नाही. तेथे निवृत्तिवेतनाच्या वर्गणीपोटी पगारातून ६.२ टक्के कापले जातात, त्या हक्कासाठी मात्र सुमारे १० वर्षांची वर्गणी लागते आणि एच-१बी हा तिकडे नोकरीसाठी मिळणारा व्हिसा सहसा ६ वर्षांतच संपतो. माझ्या मुलाला हे पहिल्या पगारपत्रकावरून कळले! निदान बदलीच्या आदेशासोबत कंपन्यांनी हा हिशेब लेखी द्यावा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे