पाळकसाहेब, तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभूमध्ये सलाम.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय. माझ्या बाबतीत जे चुकीचं झालं ते चारचौघांत, प्रार्थना करून झालं होतं. मग आभार तरी कोपऱ्यात का मानायचे?

नवरा मारायचा तेव्हा आमच्या आधीच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मला बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय इतक्यांदा ऐकवला गेला की तो पाठच झाला. त्यातली पहिली सहा वचनं बायकांना उद्देशून आहेत. सातवं नवऱ्यांना आहे: पत्नीला मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांत अडथळा येणार नाही. सहा मला वाचून दाखवली. सातवं माझ्या नवऱ्याला कुणीही वाचून दाखवलं नाही. उलट त्यालाच प्रार्थना करायला सांगितली. तो रडला, वडीलमंडळी गहिवरली, आणि पुढच्याच रविवारी देवाने आपल्याला कसं बदललं याची साक्ष द्यायला त्याला समोर उभं केलं. त्या रात्री घरी काय झालं ते इथे लिहीत नाही. मग आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवून समुपदेशन. तो मांडीला मांडी लावून बसलेला असताना "घरी काही त्रास आहे का?" असं विचारलं, तर कोणती बाई खरं बोलेल? परत त्याच्याबरोबरच घरी जायचं असतं ना!

त्यांच्या मनात वाईट नव्हतं, असं लोक मला अजून सांगतात. नसेलही. पण त्यांना घाई फार होती.

तुम्ही मात्र आम्हाला एकत्र बोलावलंच नाहीत. त्याच्याशी तुम्ही बोललात, मारहाण करणाऱ्या नवऱ्यांच्या तुमच्या गटात; माझ्याशी बोलल्या त्या गटातल्यांच्या बायकांशी बोलणाऱ्या ताई. ताईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं की मी सांगितलेलं त्याच्या कानावर जाणार नाही. त्याने मात्र गटात धमकीची भाषा केली, तर ते माझ्यापासून आणि गरज पडली तर पोलिसांपासूनही लपवलं जाणार नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. मारहाण थांबली म्हणजे सगळं थांबलं असं तुम्ही धरलं नाहीत. ताईंनी मला एक चक्र दाखवलं, अमेरिकेतल्या डुलुथ इथे 1984 मध्ये मार खाल्लेल्या बायकांच्या अनुभवांवरून तयार झालेलं. मधोमध सत्ता आणि नियंत्रण, भोवती पैसे हातात न देणं, माहेरच्यांना तोडणं, मुलांना मध्ये घालणं. मी एकेका खान्यावर बोट ठेवत गेले. ताईंनी पेन्सिलीने कडेला एक खाना वाढवला आणि त्यात लिहिलं, "वचनं".

तुमच्या गटात काय चालतं ते मला पूर्ण ठाऊक नाही, आणि ते असू नये हेही बरोबरच. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराचा उतारा तिथे बरेच दिवस चालला होता एवढं कळलं. ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत करीन, असं तो म्हणतो. त्याला घरी बोलावून गळ्यात पडायला लावीन, असं नाही म्हणत. त्या सुमारास घरखर्चाचे पैसे माझ्या खात्यात यायला लागले. सोबत एकही निरोप नव्हता.

पण आभार मानायचे आहेत ते पाकिटाबद्दल.

एका दुपारी तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात, "तुमच्या यजमानांनी माझ्याकडे एक पाकीट दिलंय, माफीचं पत्र आहे म्हणतात. पोचवीन असं मी कबूल केलेलं नाही. तुम्हाला हवंय का?" मी गप्प. तुम्हीही गप्प राहिलात, मग म्हणालात, "आत्ता सांगायला नको. नको असेल तर नको म्हणायलाही फोन करू नका. माझ्या टेबलाच्या खणात राहील. मी पुन्हा विचारणार नाही."

आमच्या घरात माफी मागितली जायची, पण तिला मुदत असायची. सकाळी पाया पडणं, संध्याकाळी मिठाई, आणि रात्री जेवताना "अजून तुझं तोंड सुजलेलंच?" (सुजलेलं असायचंही, पण ते दुसऱ्या कारणाने.) माफ करायला मी उशीर केला की तोच माझा गुन्हा व्हायचा. तुमचा फोन ठेवल्यावर मी वाट पाहत राहिले की आता पुढचा रविवार, आता तो विषय निघणार. नाताळ झाला, ईस्टर झाला. उपासना संपल्यावर दारात हात मिळवताना तुम्ही मुलांच्या परीक्षेचं विचारलंत, आईच्या गुडघ्याचं विचारलंत. पाकिटाचं नाव नाही. पत्र दिलं का, असं तो मात्र तुम्हाला विचारत राहिला म्हणे. "तुम्ही लिहिलंत, तुमचं काम झालं. उत्तर मागायचा हक्क तुम्हाला नाही," असं तुम्ही त्याला सुनावलंत. हे मला त्याच्याच बहिणीकडून कळलं, आणि तीही जरा चकितच झाली होती.

इतकी साधी सभ्यता असते हो! दुसऱ्याच्या उत्तराची वाट न बघता आपलं काम करत राहणं. ती शिकायला बायबल कॉलेज लागत नाही, आणि तिथे जाऊन आलेल्या सगळ्यांना ती येतेच असंही नाही.

तो बदलला का, असं मला रोज कुणीतरी विचारतं. मुलांना भेटायला ठरलेल्या वेळी येतो, ठरलेल्या वेळी निघतो, कुणाशी फोनवर बोलत होतीस हे विचारत नाही. याहून जास्त मी आज सांगणार नाही. पाकीटही अजून मागितलेलं नाही. "जोडपं पुन्हा एकत्र आलं का?" असं कुणी तुम्हाला विचारून गटाचा हिशेब मांडायला लागलं, तर हे पत्र त्यांच्या हातात द्या.

नवा गट सुरू करताय असं ऐकलं. म्हणजे ताईंचे फोनही वाढणार. त्यांना जोडीला कुणी हवं असेल तर मी शिकायला तयार आहे. मुलं झोपल्यावर मला वेळ असतो.

आपल्या मंडळीतली एक बहीण