वाकळ उसवली आहे, रागावू नका

नौपाडा, ठाणे

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मे महिन्यात माळ्यावरच्या ट्रंकेतून आजीची वाकळ घेऊन आले, तेव्हा "धुऊन आणते" एवढंच बाबांना म्हटलं होतं. ती मी सगळी उसवली आहे. फोनवर सांगायला धीर झाला नाही.

आत्याला यंदा पंच्याहत्तरावं लागलं. गणपतीत नेरूळला तिच्याकडे गेले होते, तर तिनेच विषय काढला. "आईची वाकळ आहे का गं अजून, की उंदरांनी खाल्ली?" असं विचारलं आणि उत्तर न ऐकताच चहा टाकायला उठली. मागितली नाही तिने. माहेरचं काही मागायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं आहे. येताना लोकलमध्येच ठरवलं, की भाऊबीजेला बाबांनी ती ओवाळणीत घालायची.

पण होती तशी देववली नसती. आतले थर सरकून गोळे झालेले, अस्तराची तर हात लावला की चिंधी निघत होती. वरची बाजू तेवढी धड होती, म्हणून ती सोडवून घेतली. दोरा ओढून काढायचा नसतो, विरलेलं कापड त्याच्याबरोबर येतं. मागच्या बाजूने दर तिसरा टाका कापला, की दोरा आपोआप ढिला होतो. चार रविवार त्यातच गेले. मग रात्रभर रिठ्याच्या पाण्यात भिजवली. ओली वाकळ नुसती उचलली असती तर पाण्याच्या वजनानेच फाटली असती, म्हणून खाली चादर घालून दोघांनी चार टोकं धरून उचलली आणि घरातच पंख्याखाली पसरली.

सगळ्यात वाईट अवस्था आजीच्या चंद्रकळेच्या तुकड्यांची होती. लाल, हिरवे तुकडे टिकले आणि काळेच भुगा व्हायला आले. सुताला काळा रंग बहुतेक गंधकाचा देतात आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला, की त्याचं आम्ल होऊन सूत कुजतं. मला ते तुकडे बदलायचे नव्हते. आजी डोळ्यांपुढे येते ती त्याच लुगड्यात. जांभळी नाक्यावरून मलमल आणली, दोनदा धुऊन आटवून घेतली (जुनं कापड आटलेलं असतं, नवं कोरंच जोडलं तर पहिल्या धुण्यात सगळं चुरगळून येतं) आणि प्रत्येक काळ्या तुकड्याच्या मागे लावून बारीक रफू केलं. एक तुकडा काही केल्या वाचला नाही. तिथे माझ्या बाळंतपणात नेसलेल्या मऊ साडीचा तुकडा घातला आहे. आत मात्र दोनच सुती साड्या घातल्या. नेरूळच्या पावसात जाड वाकळ वाळायची नाही.

शिवणयंत्र लावलं नाही. जुन्या सुताला त्याचा घट्ट टाका सोसत नाही. आणि कापडावर धावदोऱ्याची जुनी भोकं अजून दिसतात, मी त्यांतूनच सुई घालत गेले. आई, आता तुझ्याशी बोलायचं आहे. तीन बाजूंना भोकं तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर आहेत, सरळ रेषेत. चौथ्या बाजूला टाके लांब, थोडे तिरपे, कोपऱ्याशी वळताना दोनदा चुकून परत घातलेले. मला आजीचं बोलणं आठवलं. तू लग्न होऊन आलीस त्या उन्हाळ्यात तुम्ही दोघी अंगणात समोरासमोर बसून वाकळ शिवलीत, असं ती सांगायची. तू आयुष्यभर म्हणत आलीस, "मला कुठं येतंय वाकळ शिवायला." आजीने तुझे टाके उसवून पुन्हा घातले नाहीत, आई. तसेच ठेवले. भोकं मोजता मोजता मला रडू आलं.

म्हणून ती बाजू मी शिवलेली नाही. नुसता कच्चा दोरा घालून ठेवली आहे.

बाबा, मधोमध एक जांभळा खणाचा तुकडा आहे. आत्याच्या लहानपणच्या परकराचा का? तुम्हालाच माहीत असेल, तिला इतक्यात विचारू नका. आणि न विचारता कात्री लावली याबद्दल रागावला असाल तर इथे येऊन रागवा.

दिवाळीला वसुबारसेच्या आधीच या. वाईहून ठाण्याची थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर पुण्याला गाडी बदलताना बाबांनी सामान उचलू नये. भाऊबीजेला आपण तिघं सकाळच्या नेरूळ लोकलने जाऊ, तेव्हा गर्दी कमी असते. आईने चष्मा नवा करून घ्यावा. हातभर लांबीच्या चार ओळी उरल्या आहेत, रोज एक घातली तरी होईल. सुया मी ओवून ठेवते.

तुमची,
मनी